सगळ्यांनी खाल्लं तेच

हैदराबादच्या अंबरपेठेतल्या त्या गल्लीत कुरडया घालायच्या त्या चतुराबाईंनीच, हा कायदा निजामाच्या अमदानीत झाला होता. पुढं राज्य गेलं, स्टेटचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना वाटले गेले, तरी कायदा शाबूत होता. गव्हाचा चीक कधी उतरवायचा आणि सोऱ्या कुठं थांबवायचा हे बाकीच्या बायकांना येत नव्हतं अशातला भाग नाही. पण कुरडई बिघडली तर नावं ठेवायला कोणीतरी एक जण नेमलेली बरी असते.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मात्र गच्चीवर वेगळंच घडलं. जुन्या धोतरावर पांढऱ्याफेक कुरडया वाळून खडखडीत झाल्या आणि न्यायला कोणी येईना.

चतुराबाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी समोरच्या केसरबाईंना हाक मारली. केसरबाईंना गल्लीतली बातमी कळायला खिडकी लागत नसे, नुसती भिंत पुरत असे. त्या जिन्याच्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. हातात डबा नव्हता.

"राहू दे गं चतुरा. आमच्याकडं यंदा सगळ्यांचे घसे धरलेत. तळकट नक्को म्हणालाय डॉक्टर."

"मग डब्यात भरून ठेवा की. पावसाळ्यात खाल."

"बघू." केसरबाईंची नजर चतुराबाईंच्या तोंडाकडं नव्हतीच. हातांकडं होती. "ते... कमी नाही का झालं अजून?"

चतुराबाईंनी पदराखाली हात ओढून घेतले. त्या हातांची मागची बाजू मनगटापर्यंत काळी पडली होती, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी खरबरीत, आणि जिथं थांबली होती तिथं एका रेषेत थांबली होती. दोन्ही हातांना सारखी. गळ्याभोवतीही तसाच एक पट्टा, मंगळसूत्राच्या जरा वर, हौसेनं गोफ घालावा तसा. पदर कितीही लपेटला तरी तो पट्टा कुठून ना कुठून डोकावत असे.

"उन्हानं झालंय. चीक ढवळताना चुलीची धग लागते."

"धग मलाही लागते बाई," केसरबाई म्हणाल्या आणि उतरून गेल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द निघाला नसेल तर त्या केसरबाई कसल्या. संध्याकाळी नळावर बायका चतुराबाईंची घागर भरेपर्यंत चार हात लांब उभ्या होत्या. कोणी काही बोललं नाही. पण महारोग हा शब्द असा आहे की तो न बोलताही ऐकू येतो.

आता एक गोष्ट सांगून टाकू, जी त्या वेळी गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हती. केसरबाईंनाही नाही, आणि ही त्यांच्या आयुष्यातली मोठीच चूक म्हणायची.

चतुराबाईंचे यजमान किशनराव महसूल खात्यात कारकून. उर्दू आणि मोडी लिखाण वाचण्यात त्यांचा हात धरणारा दफ्तरात नव्हता. बायकोचं तोंड वाचण्याचा सराव मात्र त्यांनी कधी केला नव्हता. स्टेट फुटलं तेव्हा मराठी मुलाझिमांची, म्हणजे सरकारी नोकरांची, वाटणी सुरू झाली. कोण इथं राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार, रोज नवी आवई. किशनराव गेले असते तर औरंगाबादला, आणि बिऱ्हाड टाकलं असतं जालन्याला, थोरल्या भावाच्या घरात. त्या घरात चतुराबाईंची जाऊ होती. ही जाऊ साखरेच्या डब्याला फडकं बांधून गाठ कशी होती ते लक्षात ठेवत असे, एवढं सांगितलं की पुरे. चतुराबाई लग्न होऊन हैदराबादेत आल्या होत्या, सुलतान बाजारातल्या बांगडीवाल्याशी दख्खनीत हुज्जत घालायला शिकल्या होत्या, आणि आपल्या डब्यातली साखर आपल्या हातानं काढायची त्यांना सवय लागली होती.

म्हणून संक्रांतीला त्यांनी तुळजापूरच्या आईला नवस केला. वाटणीचा हुकूम येईपर्यंत कोरडी ज्वारीची भाकर आणि मीठ-मिरची, याखेरीज तोंडात काही घालणार नाही. दूध नाही, डाळ नाही, भाजी नाही, रविवारचं मटणही नाही. आई, आमचं बिऱ्हाड इथून हलू देऊ नको. आणि हे कुणाला सांगायचं नाही, कारण त्यांच्या माहेरची रीतच होती, नवस उघड झाला की उलटतो.

लपवायला कष्टही पडले नाहीत. आधी किशनराव जेवत, मग दहा वर्षांची भामा, आणि सगळं झाकपाक झाल्यावर चुलीशी पाठ करून चतुराबाई. त्या ताटात काय असतं हे पाहायला कोण येणार?

एक जण आला होता, पण त्याला ओट्यावर बसवलं गेलं.

माघात युनिव्हर्सिटीची माणसं अंबरपेठेत फिरत होती. ज्वारी खाणारी घरं आणि भात खाणारी घरं, कोण काय खातं आणि कुणाला काय होतं, असं काहीतरी त्यांचं संशोधन चाललं होतं. चतुराबाईंकडं आला तो निवृत्ती सोनकांबळे. नांदेडकडचा, सडसडीत, खांद्याला पिशवी आणि पिशवीत तराजू. आडनाव ऐकल्यावर चतुराबाईंनी त्याला आदरानं ओट्यावर सतरंजी घातली आणि उंबऱ्याच्या आतला पाय बाहेर टाकला नाही. त्याच्या घरच्यांनी आदल्या दसऱ्याला बौद्ध धर्म घेतला होता. केसरबाईंच्या मते त्यामुळं काही फरक पडत नव्हता, आणि केसरबाईंचं मत म्हणजे गल्लीचं मत. चहा दिला तो कानतुटक्या कपात. तो कप बाहेरच्या कोनाड्यातच असे.

चार दिवस तो येत राहिला. चतुराबाई पीठ, डाळ, तेल, दूध बाहेर आणून ठेवायच्या. तो तोलायचा, लिहायचा, आणि एकूण आकडा घरच्या माणसांवर सारखा वाटून टाकायचा.

"आणि तुम्ही काय जेवलात, मावशी?"

"सगळ्यांनी खाल्लं तेच."

त्यानं तेच लिहून घेतलं.

चैत्रात हात काळे पडले. वैशाखात जीभ अशी सोलवटली की मिरचीच काय, मीठही झोंबायला लागलं. पोट धरेना, झोप येईना, भामावर उगाच खेकसायला व्हायचं आणि मग स्वतःचंच रडू यायचं. नवस पुरा होत आलाय, आई कसोटी बघतेय, असं त्या मनाला समजावत राहिल्या. किशनरावांनी त्यांना कोठी भागातल्या एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं टेबलाच्या पलीकडूनच हात पाहिले, खुर्ची जराशी मागं सरकवली आणि म्हणाला, "इनको बडे दवाखाने में दिखाव. घर में बच्चे हैं क्या?"

परतताना किशनराव टांग्यात पुढं, हाकणाऱ्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवसापासून सुलतान बाजारच्या खानावळीतून डबा सुरू झाला. चतुराबाईंच्या हातचं कुणी खायचं नाही, असं कोणी म्हणालं नाही. डबा आला एवढंच. त्यांच्या चहाचा कप एका सकाळी स्वयंपाकघरात सापडेना. तो कोनाड्यात होता, कानतुटक्याच्या शेजारी.

मग किशनराव भिंतीकडं बघत म्हणाले, "सोमवारी दादा येतोय. भामाला घेऊन जाईल जालन्याला."

"कशाला?"

"तपासणी होईपर्यंत."

"आणि तपासणीत निघालं तर?"

 गावाबाहेर महारोग्यांसाठी एक जागा होती हे दोघांनाही माहीत होतं.  जावेच्या घरात पाऊल पडू नये म्हणून चतुराबाईंनी उपास काढले, आणि आता त्यांची एकुलती एक पोर त्याच घरात जाणार, तीही आईशिवाय.

शुक्रवारी निवृत्ती पुन्हा आला, तो युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन. गल्लीतली कुजबुज त्याच्या कानावर गेली होती. डॉक्टरीणबाई आंध्रातल्या, जाड चष्म्याच्या, दख्खनी बोलणाऱ्या. त्यांनी ओट्यावरच चतुराबाईंना बसवलं, डोळ्यांवर पदर ओढायला लावला आणि कापसाचा बोळा हातात घेतला.

"अम्मा, हात कू लगा तो बोलना. नै लगा तो नै बोलना. समझे?"

चतुराबाईंना एवढंच समजलं की ज्याला लागत नाही तो महारोगी. समोरच्या खिडकीचं दार कुरकुरलं. अख्खी गल्ली श्वास रोखून होती.

"लागलं," चतुराबाई म्हणाल्या. "लागलं. हां, इथं लागलं. लागलं."

"अम्मा, अभी तो मैं हात भी नै लगाई!"

डॉक्टरीणबाईंनी तीनदा करून पाहिलं. चतुराबाईंना प्रत्येक वेळी लागलं, कापूस वाटीत पडलेला असतानाही. शेवटी बाईंनी चष्मा पुसला. खाण्यातल्या कमतरतेनं असे हात होतात, हे त्यांना माहीत होतं. नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्यांत त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांनी निवृत्तीकडं मान वळवली. "इनके घर का क्या हिसाब है?"

"दूध आहे, डाळ आहे, शेंगदाणे आहेत, आठवड्याला मटण," निवृत्ती पुटपुटला. "आमच्या पाहणीतलं चांगलं खातंपितं घर आहे, मॅडम."

"तो फिर खाने का नै ये." त्यांचा आवाज मऊ झाला, आणि त्यानंच चतुराबाईंच्या अंगावर काटा आला. "सोमवार कू दवाखाने आव. चमडी का थोडा टुकडा लेके देखेंगे."

कोणत्या दवाखान्यात हे केसरबाईंच्या खिडकीला सांगावं लागलं नाही.

जाताना निवृत्ती मागं राहिला. "मावशी, जीभ दाखवा बरं."

"तिखटानं सोलली आहे."

"दाखवा तरी."

त्यांनी दाखवली. ती पाहून तो ओटा उतरला. पण गल्लीच्या वळणावर जाऊन तो थबकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंना त्याला हाक मारून बोलवावं लागलं.

रविवारी दुपारी किशनराव आणि भामाचं डब्यातलं जेवण उरकलं होतं. भामाची ट्रंक दाराशी भरून ठेवली होती. चतुराबाई मागच्या चुलीवर स्वतःपुरती भाकरी थापत होत्या. ओट्यावर पावलं वाजली.

"मावशी, आहात का?"

निवृत्ती एकटाच होता. पिशवी नव्हती, तराजूही नव्हता. तो कोनाड्यासमोर उभा होता आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कपांकडं बघत होता.

"ह्यातला माझा कुठला?" त्यानं विचारलं.

 त्या विचारण्यात कडवटपणा असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. तो अगदी सहज विचारत होता.

"मी जेवायला आलोय," तो म्हणाला. "तुमच्या हातचं. तुमच्या बरोबर."

"माझ्या हातचं?" त्यांनी हात मागं लपवले. "अहो, घरातलं माणूस खात नाही..."

"म्हणून तर."

"बसा मग ओट्यावर. आणते."

"नाही मावशी. ओट्यावर बसलो तिथंच चुकलो." त्यानं चपला काढल्या. "माघात तुम्ही मला बाहेर बसवलंत, मी बसलो. शिधा आणून दिलात, मी तोलला. घराचा शिधा पाहिला, ताट कुणाचंच पाहिलं नाही. मला चुलीपाशी बसू द्या."

समोरची खिडकी आता लाजलज्जा सोडून सताड उघडली होती. चतुराबाईंनी तिकडं पाहिलं. उंबऱ्यात त्या आडव्या उभ्या होत्या. आयुष्यात त्या घरात जे कधी झालं नव्हतं ते होऊ द्यायचं, की उद्या ट्रंकेमागून भामाला जाऊ द्यायचं? विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे राखायला आता उरलं काय होतं? ज्या घरानं त्यांचाच कप बाहेर काढला त्या घराचा विटाळ सांभाळायचा कुणी? त्या बाजूला झाल्या.

निवृत्ती आत आला आणि चुलीशेजारी मांडी घालून बसला. बैठकीत किशनरावांच्या हातातलं पान तोंडापर्यंत जाता जाता थांबलं.

चतुराबाईंनी त्याला ताट वाढलं. डब्यातली आमटी होती, वांग्याची भाजी होती, मटणाचा रस्सा होता, फुलपात्रात दूध होतं. गरम भाकरी तव्यावरून काढून त्यांनी त्याच्या ताटात टाकली, आणि तिला काळे हात लागलेले त्यानं पाहिले.

"तुमचं ताट?"

"तुमचं होऊ द्या."

"तुम्ही बसल्याशिवाय मी घास उचलणार नाही."

पाहुणा असा अडून बसला म्हणजे मराठी बाई काय करणार? ज्याला ओट्यावरच्या कपात चहा दिला त्यालाही उपाशी उठवायचं धाडस तिच्यात नसतं. चतुराबाईंनी ताट घेतलं, एक भाकर घेतली, मिठाची चिमूट टाकली आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"आमटी घ्या की."

"नको."

"दूध?"

"सोसत नाही."

"मटण? किशनराव तर म्हणत होते, तुम्हाला फार आवडतं."

"निवृत्तीराव, जेवा की गप." त्यांचा आवाज चिरकला.

तो जेवला नाही. भाकरीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "माझ्या आईच्या गळ्याभोवती असाच पट्टा होता. टंचाईच्या सालात. आम्ही पाचही भावंडं जेवायचो आणि विचारायचो, आई, तू काय खाल्लंस? ती म्हणायची, सगळ्यांनी खाल्लं तेच." त्यानं मान वर केली. "मावशी, तुमच्या घरात टंचाई नाही. मग हे काय आहे?"

चतुराबाईंच्या हातातला तुकडा मिठात तसाच राहिला. सांगितलं तर नवस उलटणार, बिऱ्हाड जालन्याला हलणार. नाही सांगितलं तर उद्या दवाखाना, ट्रंक, दादा. बाहेर भामा कोणाशी तरी भांडत होती, तिचा तो किरटा आवाज येत होता. उद्या या वेळी तो येणार नव्हता.

"सांगितलं तर फळ जातं," त्या कुजबुजल्या.

"कशाचं?"

आणि मग बांध फुटला. संक्रांत, तुळजापूर, साखरेच्या डब्याची गाठ, सगळं. निवृत्ती ऐकत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "कधीपर्यंत म्हणालात?"

"हुकूम येईपर्यंत."

"अहो मावशी, हुकूम सरकारचा आहे! आईच्या हातात असता तर एव्हाना आला नसता का?"

चतुराबाई रडता रडता हसल्या, आणि मग पुन्हा रडल्या. दारात किशनराव उभे होते. कधीपासून, कोणास ठाऊक.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

किशनराव दारातच खाली बसले. "अगं, मी तर साहेबांना केव्हाच सांगून आलोय, मला इथंच ठेवा म्हणून. वैनींच्या राज्यात मला तरी कुठं राहायचंय?"

म्हणजे एका छपराखाली दोघंही एकाच बाईला घाबरत होती, आणि एकमेकांना पत्ता नव्हता. निवृत्तीनं आमटीची वाटी चतुराबाईंच्या ताटात सरकवली आणि पहिल्यांदा स्वतः घास घेतला. मग त्यांनीही घेतला. झोंबला. गिळला. तुळजापूरच्या आईनं वीज पाडली नाही.

सोमवारी त्या दवाखान्यात गेल्याच, कारण डॉक्टरीणबाई अंदाजावर बोलणाऱ्या नव्हत्या. कापसाची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी बोळा हाताला टेकला तेव्हाच त्या "लागलं" म्हणाल्या, आणि वाटीत होता तेव्हा गप्प बसल्या. कातडीत काही निघालं नाही. नुसत्या ज्वारीतून न मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, आणि वर हुकूम, तो मात्र ताबडतोबीचा. दूध, शेंगदाणे, डाळ, अंडी, मटण. पहिल्या गोळीनं, बाईंनी आधीच सांगितलं होतं तसं, अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, कान तापले. केसरबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि आता ही जाते असं गल्लीत जाहीर करून टाकलं. चतुराबाई गेल्या नाहीत. आठवड्यात जीभ निवळली. पुढच्या महिन्यांत हातांची काळी साल निघून खालची कोवळी कातडी दिसू लागली. दादा आला होता, तो चहा पिऊन रिकामा परत गेला. ट्रंक पुन्हा माळ्यावर चढली.

डॉक्टरीणबाईंनी निवृत्तीला बोल लावले म्हणे. पण लावून झाल्यावर अंबरपेठेची सगळी पाहणी नव्यानं करायला घेतली. घराचा शिधा तोलून माणसांवर वाटायचा नाही. एकेक ताट वेगळं बघायचं, आणि सगळ्यांत शेवटी बसणारीचं ताट तिच्या शेजारी बसून बघायचं. त्यात आणखी काही गळ्यांवरचे पट्टे सापडले, पदरांखाली झाकलेले. कुणाचा नवस नव्हता. नुसतंच शेवटी बसणं होतं.

गल्लीनं महारोग फार लवकर सोडून दिला. तिच्या हातात त्याहून ताजा माल आला होता.

"महारोग नव्हता, बरं झालं बाई," केसरबाई नळावर म्हणाल्या. "पण तो सोनकांबळे चुलीपाशी बसून जेवला, त्याचं काय?"

"जेवला की," चतुराबाई घागर उचलत म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी येत नव्हतं ना माझ्या हातचं खायला. जागा मोकळी होती."

नव्या पाहणीत केसरबाईंचीही पाळी आली. निवृत्ती ऐन बायकांच्या जेवणाच्या वेळी दारात उभा राहिला. त्याला आत घ्यावं की न घ्यावं यावर केसरबाईंनी पुष्कळ विचार केला, पण चतुराच्या घरात झालं ते आपल्या घरात झालं नाही तर लोक काय म्हणतील, याचीही त्यांना काळजी होतीच.

"काय जेवता, मावशी?"

"आम्ही गरीब काय जेवणार? सगळ्यांनी खाल्लं तेच."

"मग उघडा बघू."

ताटावरचं झाकण उघडलं. भाकरीवर तुपाचा गोळा बोटभर उंच होता आणि बाजूला मुलांपासून लपवलेल्या दोन बालुशाह्या होत्या. निवृत्तीनं मान खाली घालून सगळं तोललं. ही बातमी गल्लीत कोणी पसरवली ते कधी कळलं नाही, पण चतुराबाईंना त्या दिवशी ती बालुशाही न खाताच फार गोड लागली असं भामा सांगते.

आणि तो हुकूम? तो आला तेव्हा भामा मॅट्रिकला बसली होती. तोवर नवस धरून राहिल्या असत्या तर काय झालं असतं, याचा हिशोब कुणी केला नाही. किशनराव जागच्या जागी, हैदराबादेतच. ती बातमी आली तेव्हा चतुराबाई नवऱ्याच्या शेजारच्या पाटावर बसून जेवत होत्या. तशा त्या सत्तावन्नच्या उन्हाळ्यापासूनच बसत होत्या, आणि गल्ली त्यावरूनही बोलत होती. त्यांच्या तोंडात मटणाचा घास होता. तो त्यांनी नीट चावला, गिळला, आणि मगच तुळजापूरच्या दिशेला हात जोडले.